जहाजाला रॉकेट लावल्यानंतर

डोंबिवलीत कनिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. स्टीव्हन्सनची ‘ट्रेझर आयलंड’, म्हणजे एका पोऱ्याची आणि खजिन्यामागच्या चाच्यांची गोष्ट, अवकाशात नेऊन बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी मराठी कादंबरी लिहायला घेतली. पाच प्रकरणं झाली. नववीतल्या भाच्याला वाचायला दिली तर तो म्हणाला, “मामा, हे तेच आहे. जहाजाला रॉकेट लावलंय फक्त.” आता मूळ कथा किती धरायची, विज्ञान किती घालायचं, आणि इतक्या जुन्या पुस्तकासाठी कुणाची परवानगी लागते का? पाचही प्रकरणं आणि पुढचा आराखडा त्यांनी सोबत जोडला आहे.

प्रकरणं वाचली. भाच्याचं म्हणणं बरोबर आहे. दादरला बसून किशोरांसाठीच्या हस्तलिखितांवर लाल पेन चालवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली, आणि ‘अमुक गाजलेली गोष्ट, पण अंतराळात’ हा प्रकार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतो. बहुतेक सगळ्यांचं दुखणं एकच असतं. त्याकडे येते, पण आधी परवानगीचं उरकून टाकू.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात. रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८९४ साली गेला, अलेक्झांडर द्युमा १८७० साली, ज्यूल व्हर्न १९०५ साली. त्यांची कथानकं घ्या, पात्रं घ्या, हवी तशी फिरवा, कुणी विचारणार नाही. सावध राहायचं ते दोन ठिकाणी. अनुवादाचा हक्क वेगळा असतो. भा. रा. भागवतांनी व्हर्न मराठी मुलांच्या घरात आणला. ते २००१ साली गेले, म्हणजे त्यांच्या वाक्यांवरचा हक्क २०६१ अखेरपर्यंत आहे. व्हर्नची गोष्ट घेता येईल, भागवतांची वाक्यं नाहीत. दुसरी जागा सिनेमाची. डिस्नेने २००२ साली ‘ट्रेझर प्लॅनेट’ काढला, त्यात लाँग जॉन सिल्व्हर, म्हणजे मूळ कथेतला चाच्यांचा म्होरक्या, अर्धा यंत्र आहे आणि यांत्रिक हाताने स्वयंपाक करतो. तुमच्या तिसऱ्या प्रकरणात असाच एक हात आहे. तो स्टीव्हन्सनचा नव्हे. काढून टाका.

आता मूळ दुखणं. तुम्ही बेटाच्या जागी लघुग्रह घातलात, गलबताच्या जागी यान, रमच्या जागी कसलंसं निळं पेय. वस्तू बदलल्या, पण त्या वस्तू मूळ कादंबरीत कोणतं काम करत होत्या ते पाहायचं राहून गेलं. समुद्राचंच घ्या. ब्रिस्टल बंदर सुटलं की कायदा, शिपाई, आई, कुणीही हाकेच्या अंतरावर राहत नाही, हे काम समुद्राचं. चांगली माणसं आणि गळा कापायला टपलेली माणसं महिनोन् महिने एका फळकुटावर, एकाच पातेल्यातलं जेवतात, हेही समुद्रामुळेच. परत यायचं तर वाट जाणणारा माणूस जिवंत हवा, हीसुद्धा समुद्राचीच अट. या प्रत्येक कामाला तुमच्या विज्ञानातून नवा कामकरी शोधा. तो सापडला की कथा आपसूक वेगळी होत जाते. तुम्ही तर हा विषय रोज फळ्यावर शिकवता, आणि पाच प्रकरणांत त्यातलं काहीच वापरलेलं नाही.

तुमच्या दुसऱ्या प्रकरणात मुलगा यानातून आईला व्हिडिओ कॉल करतो. तिथेच माझं पेन थांबलं. तुमचं बेट लघुग्रहांच्या पट्ट्यात, सेरेस या तिथल्या सर्वांत मोठ्या गोलाच्या अंतरावर आहे. तिथून पृथ्वीवर रेडिओ संदेश पोचायला साधारण १३ ते ३३ मिनिटं लागतात. “आई, इथे काहीतरी गडबड आहे,” म्हटल्यावर “काय झालं रे?” यायला अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत कितीही. ही दिरंगाई चांगली आहे, पण पुरेशी नाही. उशिरा का होईना, मोठी माणसं सल्ला देत राहतात, आणि मोठ्यांचा सल्ला मिळत राहिला की मुलाला स्वतः काही ठरवावंच लागत नाही.

सूर्याला मधे आणा. पृथ्वी आणि यान यांच्यामध्ये सूर्य आला की संपर्क बेभरवशाचा होतो. मंगळावरच्या यानांना याच कारणासाठी दर २६ महिन्यांनी साधारण दोन आठवडे आज्ञा पाठवणं थांबवतात. तुमच्या प्रवासात हे कधी घडेल ते मांडून पाहा. मी मांडलं. कमीत कमी इंधनाच्या मार्गाने सेरेसच्या अंतरावर पोचायला साडेपंधरा महिने लागतात. परतीची योग्य वेळ येईपर्यंत तिथे सहा महिने मुक्काम, मग पुन्हा साडेपंधरा महिने. जाताना पोचण्याच्या साधारण चार महिने आधी सूर्य मधे येतो, आणि परतताना निघाल्यापासून साधारण चार महिन्यांनी पुन्हा येतो. संपर्क तुटण्याचे दोन पंधरवडे, दोन्हींच्या तारखा निघण्याआधीच सगळ्यांना ठाऊक.

आता मूळ कादंबरीतलं सफरचंदांच्या पिंपाचं प्रकरण पुन्हा काढा. गोष्टीतला मुलगा जिम पिंपात लपून ऐकतो तेव्हा सिल्व्हर काय म्हणतो? उतावळ्या खलाशांना आत्ताच उठाव करायचा आहे. सिल्व्हर त्यांना आवरतो. जहाजाला दिशा देणारा आपल्यात कुणी नाही, खजिना कप्तानालाच चढवू दे, निम्म्या वाटेपर्यंत परत आणू दे, मग हात उचलू, असं त्याचं म्हणणं. हा सगळा वाद तुमच्या दोन पंधरवड्यांत अगदी मोजून मापून बसतो! उतावळ्यांना पहिला पंधरवडा हवा आहे, सिल्व्हरला दुसरा. परतीचा धक्का इंजिनाने एकदा दिला की यान आपल्या वाटेला लागतं, मग कप्तान असला काय नसला काय. आणि परतीची वेळ चुकली तर पुढची यायला आणखी पंधरा महिने, तेवढा ऑक्सिजन कुणाकडेच नाही. स्टीव्हन्सनचा सिल्व्हर धूर्त आहे म्हणून थांबतो. तुमच्या सिल्व्हरला ग्रहगणितही थांबवतं. एक पथ्य मात्र पाळा: यानाला वेगवान अणुइंजिन देऊ नका. जुनाट, कर्ज काढून घेतलेलं, इंधन वाचवत जाणारं यान द्या. महिनाभरात पोचणारं यान दिलंत की हे सगळं कोसळतं.

या गणिताची आणखी एक देणगी तुमच्या लक्षात आली नसावी. जाऊन येऊन तीन वर्षांहून थोडं जास्त. तेराव्या वर्षी निघालेला मुलगा सोळाव्या वर्षी परततो. आवाज फुटतो, मिसरूड फुटतं, आईने दिलेले कपडे आखूड होतात. किशोर-कादंबरीत वाढणं दाखवायला लेखक धडपडतात, तुम्हाला ते ग्रहगतीचे नियम सांगणाऱ्या केप्लरने फुकट दिलं आहे.

खलाशी या पंधरवड्याला काय म्हणतील? यान मुंबईचं, माणसं कोकणातली, कुलाब्याची, वर्सोव्याची. पंचांगात गुरूचा आणि शुक्राचा अस्त असतो, त्या दिवसांत लग्नं लावत नाहीत. ही माणसं “अस्त लागला” असंच म्हणतील, आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तेवढे दिवस तांबड्या पेन्सिलीने खुणावलेले असतील. वाचकालाही ती तारीख पहिल्यापासून दिसत राहू द्या.

पंचांगावरून नकाशाकडे येते. स्टीव्हन्सनने १८८१ साली स्कॉटलंडमध्ये पावसाळी सुट्टीत सावत्र मुलाबरोबर रंगवत बसून आधी बेटाचा नकाशा काढला आणि त्यातून कादंबरी निघाली. तुम्हीही नकाशा काढला आहे: लघुग्रहांचा पट्टा, त्यात एक फुली. चालणार नाही. बेट जागचं हलत नाही, लघुग्रह सतत पळत असतो. त्याचा पत्ता म्हणजे कक्षेचे सहा आकडे आणि ते आकडे कोणत्या तारखेचे ती तारीख. खजिन्याचा नकाशा इथे पंचांगाच्या पानासारखा दिसेल, नुसते आकडे. आणि तारखेचा कोपरा फाटला की उरलेले सहाही आकडे कुचकामी. ट्रंकेतल्या वहीत सहा आकडे, आणि तारीख फक्त मुलाला तोंडपाठ, कारण ट्रंकेचा मालक, म्हातारा खलाशी, ती तापात बरळत होता. मग मुलाला मारून चालत नाही.

लघुग्रह हरवतो यावर मुलांचा विश्वास बसणार नाही असं वाटत असेल तर खरी घटना हाताशी आहे. १ जानेवारी १८०१ रोजी पियाझ्झी या इटालियन खगोलज्ञाला सेरेस दिसला. फेब्रुवारीपर्यंत त्याने नोंदी घेतल्या, आणि मग सेरेस सूर्यामागे गेला. तो नंतर कुठे उगवेल हे युरोपात कुणालाच सांगता येईना. गाउस या चोवीस वर्षांच्या जर्मन गणितज्ञाने त्या तुटपुंज्या नोंदींवरून कक्षा काढली, आणि वर्ष संपता संपता, ३१ डिसेंबरला, सेरेस पुन्हा सापडला. अक्ख्या खंडातले खगोलज्ञ वर्षभर एक बेट शोधत होते आणि ते सापडलं कागदावरच्या गणिताने. याहून चांगली साहसकथा मला तरी सुचत नाही. तुमच्या कप्तानाला ती जेवताना सांगू द्या, पण एका परिच्छेदात. तुमचे कप्तान बोलायला लागले की तास घेतात. (वर्गातली सवय, समजू शकते.)

मूळ कथेतला बेन गन आठवतो? तीन वर्षं बेटावर एकटा सोडलेला खलाशी. त्याने खजिना आधीच उकरून गुहेत नेलेला असतो, म्हणून शेवटी चाचे नकाशाबरहुकूम जातात आणि रिकाम्या खड्ड्यापुढे उभे राहतात. तुमच्या चौथ्या प्रकरणातल्या टाचणात ‘पेटी दुसऱ्या विवरात’ असं लिहिलं आहे. अहो, अवकाशात बेटच हलवता येतं! २६ सप्टेंबर २०२२ रोजी नासाचं डार्ट यान एका लघुग्रहाभोवती फिरणाऱ्या डायमॉर्फोस नावाच्या छोट्या गोलावर मुद्दाम आदळवलं, तर त्याची प्रदक्षिणा अर्ध्या तासाहून जास्त आखूड झाली. तुमच्या बेन गनकडे यान नाही, पण पन्नासेक मीटरचा खडक आहे, खडकातलं बर्फ तापवून वाफेचा झोत सोडणारं जुनं यंत्र आहे आणि वेळ आहे. सेकंदाला एक सेंटीमीटर एवढा जरी वेगात फरक पडला, तरी तीन वर्षांत जागा हजार किलोमीटरहून जास्त सरकते. खलाशी आकड्यांबरहुकूम येतात, आणि तिथे काहीच नाही, काळोख. रिकाम्या खड्ड्यापेक्षा मला हे अधिक भयंकर वाटतं.

आता सिल्व्हर. तो एका पायाचा आहे आणि जहाजावरचा स्वयंपाकी आहे, म्हणजे आपल्या खलाशांच्या बोलीत भंडारी. तुमच्या यानात सारंग आहे, तांडेल आहे, भंडारीही असू द्या. तुम्ही त्याला ‘शेफ’ म्हटलंय, ते वाचून हसू आलं. एका पायाचं काय होतं पाहा. मूळ जहाजावर त्याला हिंडता यावं म्हणून दोर बांधून दिलेले असतात, आणि त्यांना धरून तो चपळाईने फिरतो. भारहीन यानात पायाला कामच नाही. हातांनी ओढत जायचं असतं, आणि ते कुबडीवर आयुष्य काढलेल्या माणसाच्या हातांना सगळ्यांत चांगलं जमतं. पृथ्वीवर ज्याची कीव केली तो वर सगळ्यांत डौलदार. मुलाला त्याचं आकर्षण वाटायला एवढं पुरे, यांत्रिक हात कशाला?

पिंपाचं काय करायचं, हा प्रश्न तुम्ही टाळला आहे. तुमचा मुलगा कट चुकून इंटरकॉमवर ऐकतो. फार स्वस्तात पडलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात पंखे अहोरात्र चालू असतात, कारण भारहीन अवस्थेत गरम हवा वर जात नाही, आणि झोपलेल्या माणसाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड त्याच्याच तोंडाभोवती साठून राहू शकतो. म्हणून यान कायम घरघरतं. आणि सगळी हवा ज्या जाळ्यांकडे ओढली जाते तिथे हरवलेल्या वस्तू येऊन चिकटतात: पेनं, चमचे, मोजे. अंतराळवीर काही हरवलं की आधी तिथेच पाहतात. तुमच्या पोऱ्याला त्या जाळ्या साफ करायचं काम द्या. सगळ्यांत खालचं काम, त्याच्याकडे कुणी बघत नाही. कट करणाऱ्यांना कॅमेऱ्यांपासून आणि माइकपासून लांब, गोंगाटात बोलायचं आहे, म्हणजे ते पंख्याच्या तोंडाशीच येणार. पोऱ्या जाळीच्या आत. आणि ज्या दिवशी कट कळेल त्याच्या दोन दिवस आधी जाळीला एक वस्तू चिकटलेली सापडू दे, जी तिथे असायलाच नको होती. कोणती, ते तुम्ही ठरवा.

सिल्व्हरच्या खांद्यावरच्या पोपटाचा रोबो मात्र करू नका. सगळेच करतात.

विज्ञानाने कथेला कसं वळवायचं याचा एक नमुना तुम्ही वाचाच. आल्फ्रेड बेस्टरने १९५६ साली द्युमाची ‘द काउंट ऑफ मॉन्टे क्रिस्टो’ भविष्यात नेली, ‘द स्टार्स माय डेस्टिनेशन’ या नावाने. ती मुलांच्या हाती द्यायची कादंबरी नव्हे, तुमच्यासाठी सांगते आहे. त्याच्या जगात माणसं नुसत्या मनाच्या जोरावर एका जागेहून दुसऱ्या जागी उडी घेतात. मग तुरुंगाचं काय? द्युमाच्या नायकाला समुद्रातल्या किल्ल्यात कोंडता आलं, याला कुठे कोंडणार? बेस्टरने नियम असा केला की उडी घ्यायला आपण कुठे आहोत हे पक्कं ठाऊक असावं लागतं. आणि तुरुंग काढला जमिनीखालच्या गुहांत, ठार अंधारात. कैद्याला आपण कुठे आहोत तेच कळत नाही, म्हणून तो अडकतो. नव्या विज्ञानाने जुना तुरुंग मोडला, आणि त्याच विज्ञानातून नवा तयार झाला. सूडाचं कारणही त्याने बदललं: मित्रांचा दगा नाही, तर अवकाशात मोडक्या यानात अडकलेल्या माणसाला बघून न थांबता निघून गेलेलं एक यान. तरीही ती द्युमाचीच गोष्ट आहे हे पानोपानी जाणवतं.

यावरून तुमचा पहिला प्रश्न, मूळ किती धरायचं. घटना फारशा धरू नका. माझ्या मते ‘ट्रेझर आयलंड’मध्ये एकच गोष्ट अशी आहे की ती गेली तर कादंबरी गेली, आणि बहुतेक रूपांतरांत नेमकी तीच गळते. जिम चाच्यांच्या हाती सापडलेला असतो. सिल्व्हर त्याला वाचवतो, आणि पळून जाणार नाही असं वचन घेतो. मग डॉक्टर भेटायला येतात, कुंपणापाशी दोघंच असतात, आणि डॉक्टर म्हणतात, मार उडी, पळू या. जिम नकार देतो, कारण त्याने शब्द दिलेला आहे. कुणाला? खुनी माणसाला. आणि शब्द मोडायला सांगणारे कोण? गावातले सर्वांत सज्जन गृहस्थ. चौदा-पंधरा वर्षांचं मूल इथे थांबतं, पुस्तक मांडीवर ठेवून विचार करतं. तुमच्या आराखड्यात हे प्रकरणच नाही, त्या जागी लेझरची मारामारी आहे. मारामारी अर्धी करा आणि कुंपण परत आणा. कुंपणाच्या जागी एअरलॉकची काच चालेल.

हे वजनदार व्हायचं तर त्या दोघांची माया आधी खरी वाटली पाहिजे, आणि इथे मराठीचा फायदा घ्या. मुलगा पहिल्या दिवसापासून त्याला ‘भंडारीकाका’ म्हणू दे, ‘अहो काका’. भंडारी त्याला ‘बाळा’ म्हणतो, पहिली गरम चपाती त्याच्याकडे तरंगत सोडतो. कट ऐकल्यानंतर मुलाने काय म्हणावं? राग आला म्हणून एकदम ‘तू’वर आणू नका, ते नाटकी होईल. तो ‘अहो’च म्हणत राहील, फक्त ‘काका’ गळून पडेल. भंडारीच्या ते लगेच लक्षात येईल, आणि मुलाला काहीतरी कळलंय हे त्याला तिथेच समजेल. दोन ओळींत काम होतं.

सिल्व्हरची बाजूही नीट मांडा. तुमचा खलनायक ‘मला सोनं हवं’ एवढंच म्हणतो. आपल्या मुलांना चाचा कोण हे इंग्रजांच्या चष्म्यातून सांगायची गरज नाही. कान्होजी आंग्रे ईस्ट इंडिया कंपनीच्या कागदांत चाचा आहेत, आणि आपल्या पाठ्यपुस्तकात मराठा आरमाराचे सरखेल. १७२९ साली त्यांचा मृत्यू होईपर्यंत इंग्रजांना त्यांचे किल्ले घेता आले नाहीत. १९६७ च्या अवकाश करारानुसार कोणत्याही देशाला आकाशातल्या गोलावर मालकी सांगता येत नाही, भारतही त्या करारात आहे. मग तुमच्या लघुग्रहावरचं जे काही आहे ते कुणाचं? खाण कंपनीचं, जिने खलाशांचा तीन फेऱ्यांचा पगार बुडवला? ते तिथे पुरणाऱ्याचं? भंडारीला हा युक्तिवाद करू द्या, आणि मुलाला त्यावर उत्तर सुचू नये. खजिना सोन्याचा नको हेही ओघाने आलंच. तिथे पाण्याचं बर्फ सोन्याहून मोलाचं, पिता येतं आणि फोडलं तर इंधन होतं.

सुरुवात कुठे करायची? तुमची होते चंद्राजवळच्या एका चकाचक स्थानकातल्या कॅफेत. मूळ कथा किनाऱ्यावरच्या एका कळकट खाणावळीत सुरू होते, तिथे म्हातारा खलाशी ट्रंक घेऊन येतो आणि मुलाला कुणाची तरी पाळत ठेवायला सांगतो. ती जागा मुंबईत आहे. हार्बर लाइनने रे रोडला उतरा आणि दारूखान्यात फिरून या. मोडीत निघालेली जहाजं, नांगर, माणसाच्या मांडीएवढ्या साखळ्या, जहाजातून काढलेली लाकडी कपाटं, गॅस कटरचा वास. शंभर वर्षांनी तिथे उपग्रह मोडत असतील. मुलाची आई तिथे खाणावळ चालवते, मांदेलीचं कालवण आणि भात. असं पहिलं प्रकरण लिहिलंत तर दुसऱ्याची वाट मुलं स्वतः बघतील. स्थानक नंतर येऊ दे.

भाषेवर फार अडू नका. निवेदन सरळ मराठीत, आणि संवाद यानातली माणसं बोलतील तसे, थोडं हिंदी, थोडं इंग्रजी मिसळून. सेमी-इंग्रजीतल्या मुलांना ‘ऑर्बिट’ आधी कळतं, पण इस्रोच्या बातम्यांमुळे ‘कक्षा’ आणि ‘प्रक्षेपण’ही त्यांच्या कानावरचे आहेत. दोन्ही वापरा, तळटीपा देऊ नका. आकडे पात्राच्या तोंडी तेव्हाच येऊ द्या जेव्हा त्या आकड्यामुळे काहीतरी ठरतं. १५ महिने हा आकडा बंडाची वेळ ठरवतो, म्हणून तो चालेल. सेरेसचा व्यास तुम्ही दोनदा दिला आहे, त्याने काय ठरतं?

‘ट्रेझर आयलंड’ हीच का, असंही मनात आलं. मी निवडली असती व्हर्नची ‘द मिस्टीरियस आयलंड’. तिच्या शेवटी कळतं की कप्तान नेमो म्हणजे बुंदेलखंडाचा राजपुत्र डक्कार, १८५७ च्या उठावात सगळं गमावलेला. युरोपा या गुरूच्या चंद्रावर बर्फाखाली समुद्र आहे असं मानतात, आणि तिथलं गुरुत्व इतकं कमी की २० किलोमीटर बर्फ आणि त्याखाली ६० किलोमीटर पाणी ओलांडल्यावर दाब साधारण आपल्या मारियाना गर्तेच्या तळाइतका भरतो. मारियानाच्या तळाशी माणूस १९६० सालीच जाऊन आला. म्हणजे नेमोची पाणबुडी तिथे चालू शकते, आणि तो कोणत्या साम्राज्यापासून पळाला हे ठरवण्याची मुभा तुम्हाला आहे. व्हर्नच्याच ‘अराउंड द वर्ल्ड इन एटी डेज’मधल्या फॉगची एका दिवसाच्या हिशेबाची गंमतही मंगळावर सहज जमते: तिथला दिवस २४ तास ३९ मिनिटांहून थोडा मोठा, म्हणजे मंगळाचे दिवस मोजणाऱ्याचा हिशेब साधारण ३७ दिवसांत पृथ्वीपेक्षा एका दिवसाने मागे पडतो. ‘रॉबिन्सन क्रूसो’ला मात्र मुंबईतल्या मुलांसाठी हात लावताना विचार करा. दहा बाय बाराच्या खोलीत पाचजणांत अभ्यास करणाऱ्या मुलाला निर्जन बेट म्हणजे शिक्षा वाटत नाही. शिवाय फ्रायडेचं काय करायचं, आणि क्रूसोचं जहाज फुटलं तेव्हा तो गुलाम आणायलाच निघाला होता त्याचं काय, हे प्रश्न आहेतच. असो, तुमची पाच प्रकरणं झाली आहेत, सिल्व्हरलाच धरून राहा.

शेवटाबद्दल एक सुचवते. मूळ कादंबरीत सिल्व्हरला शिक्षा होत नाही. परतीच्या वाटेवर एका बंदरात तो नाण्यांची एक थैली उचलून पसार होतो, आणि सगळ्यांना हायसं वाटतं. तुम्ही त्याला यानाबाहेर ढकलून मारलं आहे. मारू नका, पळू द्या. अडचण अशी की तुमच्या परतीच्या वाटेत बंदर नाही, म्हणजे पळणार तो पृथ्वीवर उतरल्यावरच. तीन वर्षं भारहीन राहिलेल्या माणसांची हाडं आणि स्नायू इतके झिजतात की उतरल्यावर त्यांना उभं राहता येणार नाही. स्थानकातले अंतराळवीर हे टाळायला रोज साधारण दोन तास व्यायाम करतात. तुमच्या भिकार यानात कुणीच तो नेमाने करत नाही, भंडारी सोडून. एक पाय, रबरी पट्टे, रोज दोन तास, आणि विचारलं तर म्हणतो, “सवय आहे बाळा.” उतरल्यावर कप्तान, डॉक्टर, सारंग सगळे स्ट्रेचरवर, पोलिसांची गाडी अजून यायची आहे, आणि कुबडी फक्त एकाला वापरता येते. या व्यायामाचा उल्लेख चौथ्या प्रकरणात, जेवणाच्या आणि पत्त्यांच्या गोंधळात सहज टाकून द्या. विसाव्यात घातलात तर मुलं लगेच ओळखतील.